अर्धी वीत पाणी

१० फेब्रुवारी

ताई,

पाठ वाकत नाही म्हणून साष्टांग नाही, नुसताच नमस्कार.

आधी हे नीट वाच. बारा वर्षांत तळ्यावर मी स्वतःच्या हातानं केलेली कामं: घरट्यांच्या पेट्या सेहेचाळीस, त्यांतल्या एकतीसमध्ये पिल्लं निघाली. साकव तीन, सर्वांत लांब सव्वासात मीटर, मधे खांब नाही. वाटेच्या पाट्या एकोणीस. बाकं सात, त्यांतली पाच पाठ टेकायची. पक्षी पाहायचा आडोसा एक. आठ माणसं बसतात आणि छत गळत नाही. आडोशातल्या नोंदवहीसाठी पेटी एक, तिची पितळी बिजागरीसुद्धा मीच ठोकलेली. आणि पाण्याची पट्टी एक. अडीच मीटर उंच, पांढऱ्यावर काळे आकडे, प्रत्येक आकडा हातानं काढलेला. अकरा वर्षांपूर्वी एकदा लावली ती लावली, पुन्हा हात लावायची वेळ आली नाही.

हे सगळं लिहायचं कारण, आमच्या निसर्ग मंडळाचा वार्षिक अहवाल आलाय. त्यात छापलंय, ‘कार्यकर्त्यांच्या सहकार्याने विविध सुविधा उभारण्यात आल्या.’ म्हणजे मी आता ‘विविध सुविधा’.

पण पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि भावोजी स्पीकर लावतात. हे तुझ्यापुरतं ठेव.

तळ्याच्या पूर्वेच्या काठावर एका कंपनीला इमारती उठवायच्या आहेत. नियम असा की गेल्या पावसाळ्यात पाणी सर्वांत वर जिथपर्यंत चढलं, त्या रेषेपासून तीस मीटर सोडून बांधायचं. ही रेषा ठरवायला सरकारकडे काही नाही. आहे ती आमच्या मंडळाची वही. दर रविवारी आडोशातून दुर्बिणीनं माझी पट्टी वाचायची आणि आकडा लिहायचा, हे अकरा वर्षं चुकलेलं नाही. अठ्ठावीस मार्चला सुनावणी आहे. तिथे ती वही आणि माझी पट्टी हाच आमचा सगळा जीव.

गेल्या उन्हाळ्यात माझी पाठ गेली म्हणून पट्टी रंगवायची राहिली होती. सुनावणीआधी आकडे चकचकीत असावेत म्हणून काल पाण्यात उतरलो. वर दोन, खाली दोन, असे चार पितळी स्क्रू आहेत. मी बसवलेला स्क्रू कसा ओळखायचा ते तुला ठाऊक आहे. खाच उभी, ओळंबा लावल्यासारखी. तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळीचे बघ, आजही तशाच असतील. तर ताई, वरच्या दोन स्क्रूंच्या खाचा तिरक्या आहेत. एक दहावर, एक दोनावर, घड्याळाच्या काट्यांसारख्या. आणि कडा चावल्यासारख्या झाल्यात. रुंद, बोथट हत्यार, अडाणी हात.

कुणीतरी माझी पट्टी काढून पुन्हा लावली आहे. पाणी छातीपर्यंत होतं, पाठ कुरकुरायला लागली, म्हणून जास्त काही बघता आलं नाही. पण मला एक नाव सुचतंय. आमच्या नव्या सचिवबाई. निवृत्त नर्स आहेत, सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. दोन वर्षांत त्यांनी तीनदा सुचवलं की पट्टी काढून आपोआप नोंद करणारं यंत्र बसवू. आणि राहतात कुठे, तर त्याच कंपनीनं आधी बांधलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर.

दोन आणि दोन मी अजून जोडलेले नाहीत. पण दोन इथे आहेत आणि दोन तिथे.

तुझा,
छोटू

१५ फेब्रुवारी

छोटू,

आशीर्वाद. चोपन्न वर्षांच्या माणसाला छोटू म्हणताना मलाच हसू येतं, पण आता बदलायला उशीर झाला.

पत्र दोनदा वाचलं. यादीत तू माझं स्टूल धरलं नाहीस. सोळाव्या वर्षी केलंस ते. अजून डुगडुगत नाही, मी मात्र डुगडुगते. फळीचे स्क्रू पाहिले. उभे आहेत बाबा, सगळे उभे.

आता माझं ऐक. पाण्यात एवढी वर्षं उभं राहिलं की माणूससुद्धा तिरका होतो, स्क्रूचं काय घेऊन बसलास. लाकूड फुगतं, आखडतं, फिरला असेल. एखाद्या म्हशीनं अंग घासलं असेल. त्या बिचाऱ्या नर्सबाईंनी या वयात छातीभर पाण्यात उतरून तुझे स्क्रू कशाला फिरवावेत? आणि त्या इमारतीत तीनशे माणसं राहत असतील. सगळेच का कंपनीचे?

तू लहानपणी पतंग हरवला की आधी शेजाऱ्यांचं गच्चीवरचं पोरगं पकडायचास आणि मग पतंग आपल्याच पलंगाखाली सापडायचा. आठवतं?

मीटिंगमध्ये काही बोलू नकोस. आधी नीट मोजून बघ आणि मला कळव, पट्टी वर सरकली आहे की खाली, आणि त्यानं तुमच्या त्या रेषेचं नेमकं किती बिघडतं. बिघडलंच नसेल तर विषय सोडून दे.

इकडे बरं आहे. हे आजकाल पेपर टेबलावर ठेवून वाचतात, हातात धरत नाहीत. वय, दुसरं काय.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ताई,

म्हैस स्क्रू काढून पुन्हा लावत नाही.

रविवारी मोजलं. काठावरच्या दगडी पायरीपासून पाणी भरलेल्या नळीनं पातळी घेतली, तीनदा. पट्टी अकरा सेंटीमीटर वर बसलेली आहे. आपल्या हाताची अर्धी वीत. दहाही नाही, बाराही नाही, बरोब्बर अकरा. ते कसं ठरवलं हे लांबड आहे, तुला कंटाळा येईल.

पट्टी वर गेली म्हणजे आकडा कमी दिसतो. गेल्या पावसाळ्यात वहीत सर्वांत वरची नोंद दोन मीटर चार. खरी हवी दोन मीटर पंधरा. तुला वाटेल अर्ध्या वितीनं काय होतं. पूर्वेचा काठ सपाट आहे, परातीसारखा. मी दोरी लावून मोजलं. उभं अकरा सेंटीमीटर पाणी म्हणजे आडवं अठरा मीटर. त्या अठरा मीटरमध्ये सगळं पाणगवत येतं, आणि एकतीसपैकी नऊ पेट्या. कंपनीला बसल्या जागी अठरा मीटरची पट्टी मिळाली, तळ्याच्या पूर्ण लांबीची. आता सांग, कुणाचा फायदा झाला?

मग वही काढून बसलो. एकोणीस मेच्या रविवारी सत्याण्णव. सव्वीस मेच्या रविवारी एक्क्याऐंशी. आठवड्यात सोळा सेंटीमीटर. कितीही ऊन असलं तरी आमचं तळं आठवड्याला पाचाच्या वर उतरत नाही. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत, मी प्रत्येक मे पाहिला. सोळातून पाच गेले, उरले अकरा. म्हणजे त्याच आठवड्यात काम झालं. त्या आठवड्यात मी अंथरुणाला खिळलेलो. तू आणि भावोजी मला बघायला आला होतात तो आठवडा. आठवत असेल, मी पट्टी रंगवायची राहिली म्हणून रडगाणं गात होतो आणि भावोजी खुर्चीत बसून ऐकत होते.

सव्वीस मेची नोंद कुणाच्या अक्षरात? सिस्टरांच्या. टपोरं, औषधाच्या वेळा लिहितात तसं. एवढी उडी दिसली आणि बाई काही बोलल्या नाहीत. रोग्याचा ताप एका दिवसात चार अंशांनी उतरला असता तर गप्प बसल्या असत्या का?

आणखी एक. मंगळवारी माझ्या कामाच्या खोलीवर कंपनीचा मॅनेजर आला होता. इस्त्रीचा शर्ट, बुटांना चिखल नाही. तळ्यावरची बाकं फार आवडली म्हणाला. लाकूड कोणतं, जोड कसे, विचारत बसला. मी विचारलं, काय करायचंय? म्हणाला, सहज. ताई, माझ्या खोलीवर सहज कुणी येत नाही. तिथे बसायला जागाच नाही. पाठ दाखवायला नको म्हणून तो जाईपर्यंत मी उभाच राहिलो.

काल जलपर्णी काढायला आम्ही बाराजण पाण्यात होतो. एरवी त्या कामाला गप्पा, गाणी, एकमेकांवर चिखल. काल मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होतो. खजिनदाराच्या खिशात स्क्रूड्रायव्हर दिसला. चष्म्याचा निघाला. पण बघ, कुठे येऊन पोचलोय.

रविवारी दोन मार्चला मंडळाची सभा आहे. तिथे विचारणार.

छोटू

२५ फेब्रुवारी

छोटू,

घाईत लिहिते आहे. सभेत कुणाचं नाव घेऊ नकोस. माझ्यासाठी एवढं कर. मला तुझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे. दोन दिवस इकडे ये, किंवा मी येते. आपण भेटेपर्यंत थांब. कारण भेटल्यावर सांगेन.

हे बरे आहेत. त्यांना यातलं काही वाचून दाखवलेलं नाही.

ताई

४ मार्च

ताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. सभा रविवारी झाली.

आमच्या सभेला यंदा चोवीस जण होते. एरवी नऊ येतात. मी उभा राहिलो. स्क्रू, खाचा, सोळा सेंटीमीटर, सव्वीस मे, टपोरं अक्षर, चौथा मजला, सगळं क्रमानं मांडलं. नाव घेतलं नाही. पण एवढं मांडल्यावर घ्यायची गरज उरत नाही, सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळल्या.

सिस्टर बसूनच बोलल्या. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “तुमच्या पट्टीला मी आजवर हातसुद्धा लावलेला नाही. तुम्ही कुणाला लावू देता का?”

मागं कुणीतरी हसलं. आमच्या मंडळातले डॉक्टर असावेत.

मग म्हणाल्या की त्या रविवारची उडी त्यांनाही दिसली होती. दोनदा वाचून तोच आकडा आला, म्हणून तोच लिहिला. मला विचारायला घरीही आल्या होत्या. मी आतून ओरडून सांगितलं म्हणे, की माझी पट्टी चुकत नसते, वाचणारे चुकतात. मला आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला. “अकराच कशावरून? दहा नाही, बारा नाही. पट्टी न काढता हे तुम्हाला इतकं नेमकं कसं ठाऊक?” मी सांगितलं की मापाचं काम माप घेणाऱ्याला कळतं. त्यांनी वही टेबलावर ठेवली, मंडळाच्या कपाटाची किल्ली वहीवर ठेवली आणि निघून गेल्या. जाताना सातही खिडक्या लावल्या. ते काम त्यांच्याकडे होतं.

आता नीट वाच. त्यांच्याविरुद्ध लेखी पुरावा हवा म्हणून मी काल आडोशातली नोंदवही काढली. जो येतो तो तारीख, वेळ आणि सही करतो. बावीस मे, सकाळी सहा चाळीस, ‘दोन जण’. पुढे सही. सहीपुढे पदवी. आडोशात बसून पाणकावळे बघणाऱ्या माणसांत सहीपुढे पदवी लिहिणारा मला एकच माणूस माहीत आहे, आणि त्याचं लग्न माझ्या बहिणीशी झालंय.

भावोजींनी नोकरीत असताना या कंपनीचं मोजणीचं काम केलं होतं. दिवाणखान्यात त्यांनीच सांगितलं होतं, मी विसरलेलो नाही. ‘दोन जण’ मधला दुसरा कोण? कंपनीचा माणूस? म्हणूनच का तो मॅनेजर माझ्याकडे आला, की घरचा माणूस आधीच हाती आहे, आता याला बघू?

आणि तू. पंधरा तारखेच्या पत्रात तू विचारलंस, पट्टी वर सरकली की खाली. ताई, तोवर पट्टी सरकली असं मी लिहिलेलंच नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. स्क्रू तिरके आहेत, पट्टी काढून पुन्हा लावली आहे, एवढंच लिहिलं होतं.

नववीत शाळा सुटली माझी, पण वाचता येतं.

अठ्ठावीस तारखेला मी भावोजींचं नाव सांगणार आहे. तुला आधी कळवलं, एवढं नातं मी पाळलं.

छोटू

९ मार्च

छोटू,

दुसरी मी होते.

आता पूर्ण वाच, मधे थांबून खोलीत येरझारा घालू नकोस.

त्या आठवड्यात तू अंथरुणात पडल्या पडल्या एकच घोकत होतास, पट्टी रंगवायची राहिली. ह्यांना ते फार लागलं. इतक्या वर्षांत तू यांच्याकडून एक खिळासुद्धा ठोकून घेतला नाहीस. ‘राहू द्या भावोजी, तुमचं काम कागदावरचं’, हे वाक्य तू किती वेळा म्हटलं असशील ते तुला माहीत नाही, ह्यांना माहीत आहे. तर ह्यांनी ठरवलं, आपण गुपचूप रंगवून टाकू, छोटू बरा झाला की बघेल. बाजारातून काळा रंग आणला, दोन कुंचले आणले. पहाटे मला उठवलं. पाणी खूप आत गेलं होतं, खांबापाशी कमरेएवढंच उरलेलं. गाडीतल्या हत्यारांतला स्क्रूड्रायव्हर होता, नको तितका रुंद. पट्टी काढून आडोशात आणली. सही केली, कारण तिथे तुझीच पाटी आहे, ‘सही केल्याशिवाय बसू नये’.

मग हे कुंचला घेऊन बसले. आधी एका फळकुटावर चाराचा आकडा काढून पाहिला. हात थरथरला. पुन्हा काढला. पुन्हा तेच. छोटू, ह्यांच्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय. दीड वर्ष झालं. ह्यांनी कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडते आहे. बराच वेळ ते तुझे आकडे बघत बसले. मग म्हणाले, “याच्या आकड्याशेजारी माझा आकडा नको. जशी होती तशी लावून टाकू.”

आम्ही परत गेलो. खांबावर बघतो तर चार नाही, आठ भोकं. चार वर, चार त्यांच्या अर्धी वीत खाली. काढताना लक्षात ठेवलं नव्हतं, एवढी भोकं असतील असं कुणाच्या मनात येणार? ह्यांनी खालच्यात लावून पाहिले. स्क्रू नुसतेच फिरायला लागले. वरच्यात लावले तर गच्च बसले. मला विचारलं, कोणती गं?

मी म्हटलं, गच्च बसतात तीच. छोटूचं काम ढिलं नसतं.

हे झालं असं. कंपनीचा कुणी माणूस नव्हता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला संशय आला, पण वाटलं, वर-खाली काही फरक पडला नसेल तर ह्यांना कळूच द्यायला नको. ती माझी चूक. त्या बाईंना तुझ्या तोंडून ऐकावं लागलं, ती चूक आपल्या दोघांची.

परवा ह्यांना सगळी पत्रं वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, अधिकाऱ्यापुढे मी येऊन सांगतो, माझं नाव खुशाल घे.

फक्त एक गोष्ट आम्हा दोघांना अजून कळलेली नाही. तू लिहिलंस, एकदा लावली ती लावली, पुन्हा हात लावायची वेळ आली नाही. मग ती दुसरी चार भोकं कुणाची?

ताई

२९ मार्च

ताई,

माझी.

वीस दिवस उत्तर दिलं नाही, कारण हा एक शब्द लिहायला तेवढे लागले.

पट्टी लावली तेव्हा शून्य ठरवायचं होतं पायरीच्या खालच्या कडेपासून. मी वरच्या कडेपासून धरलं. पायरी अकरा सेंटीमीटर जाड आहे. महिन्यानं लक्षात आलं. तोवर चार रविवारच्या नोंदी झाल्या होत्या, आणि मंडळानं माझा सत्कारही करून टाकला होता. कुणी नसताना गेलो, पट्टी उतरवली, अकरा सेंटीमीटर खाली लावली. वरच्या भोकांत भुसा आणि डिंक गच्च ठोकला. चार आकडे वहीत माझ्याच अक्षरात होते, ते मी दुरुस्त केले, त्याच शाईनं. कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

म्हणून वरच्यात स्क्रू गच्च बसले. माझा भुसा होता तो. खालची अकरा वर्षं पाण्यात झिजून ढिली झाली होती. भावोजींचा हिशेब चुकला नव्हता. तूही माझ्या कामाबद्दल बोललीस ते विश्वासानंच.

आणि म्हणूनच मला ‘अकरा’ ठाऊक होतं. पहिल्याच रविवारी नळीवर अकरा दिसले तेव्हा मला कळलं की कुणीतरी माझ्या जुन्या भोकांत पट्टी लावली आहे. हे तुला लिहिलं नाही. सभेतही सांगितलं नाही. सिस्टरांनी विचारलं तेव्हा मापाचं काम सांगून वेळ मारून नेली. महिनाभर मी गावभर चोर शोधत होतो आणि त्याला वाट मीच करून ठेवली होती, हे मला माहीत होतं.

तुझं पत्र आल्यावर आठव्या दिवशी सिस्टरांकडे गेलो. चार मजले चढून, लिफ्ट असताना. त्यांनी दार उघडलं, बसायला स्टूल दिलं. ते डुगडुगत होतं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “सभेत चोवीस जण होते. इथे मी एकटी आहे.” मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर माझ्या अक्षरात पत्र लावलं, भुशासकट सगळं लिहिलेलं. ते अजून तिथे आहे. डॉक्टर खाली उभे राहून मोठ्यानं वाचत होते म्हणे. वाचू देत.

त्यानंतर सिस्टरांनीच वही परत घेतली. दुरुस्तीचं निवेदन आम्ही दोघांनी मिळून लिहिलं आणि एकवीस तारखेला कचेरीत दिलं. बावीस मेनंतरच्या प्रत्येक आकड्यात अकरा मिळवायचे, आणि अगदी सुरुवातीच्या चार नोंदी रद्द. वाक्यं त्यांची, मापं माझी. माझं एक वाक्य त्यांनी खोडलं; त्यात ‘अनवधानाने’ असा शब्द होता. म्हणाल्या, पट्टी अनवधानानं लागली, भोकं अनवधानानं बुजवली नव्हती.

काल सुनावणी झाली. भावोजी आले होते ते तुला ठाऊकच आहे, तूच गाडीत बसवलंस. घरी येऊन ते तुला काय सांगतील ते सांगतील, मी पाहिलं ते लिहितो. कंपनीचा वकील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, म्हणजे या अकरा वर्षांच्या नोंदी एका लपवाछपवी करणाऱ्या सुताराच्या. मी म्हटलं, हो. मग भावोजी उभे राहिले. खुर्चीची पाठ धरून. हात लपवला नाही. जे झालं ते सरळ सांगितलं, रंगाच्या डब्यासकट. जबानीवर सही केली ती मी वाकून पाहिली. अक्षर पार विस्कटलेलं, आणि पुढे पदवी नाही.

अधिकारी आम्हा सगळ्यांना घेऊन तळ्यावर आले. पट्टी मी काढली. आठ भोकं. वरच्या भोकापासून खालच्या भोकापर्यंत त्यांनी स्वतःची टेप लावली: अकरा. मग पायरीची जाडी मोजली: अकरा. ज्या भोकांची मला अकरा वर्षं लाज वाटत होती, तीच काल कामाला आली. ती नसती तर किती मिळवायचे ते कुणालाच सांगता आलं नसतं. निकाल महिन्याभरात येईल. बाजूनं लागेल असं मी म्हणत नाही. वकिलाचं बोट अजून डोळ्यांपुढे आहे.

परत येताना भावोजी आणि मी साकवावर थांबलो. त्यांनी कठडा हलवून पाहिला, हलला नाही. मी म्हटलं, मेमध्ये पट्टी रंगवायची आहे, चाराचे आकडे तुम्ही काढा. पंचवीस आहेत. वाकडे आले तर वाकडे राहतील, वाचता आले म्हणजे झालं. ते म्हणाले, विचार करतो. पण रंग कोणता वापरतोस ते विचारलं.

आता एकच राहिलं. हे भावोजींना वाचून दाखव, ते स्पीकर लावतात तेवढ्या मोठ्यानं.

निवेदन कचेरीत दिल्यावर तिसऱ्या दिवशी, सोमवारी, तो मॅनेजर पुन्हा माझ्या खोलीवर आला. या वेळी बुटांना चिखल होता. बसायला जागा नव्हती, तरी तो लाकडांच्या ढिगावर बसला. म्हणाला, वही आहे तशी राहू द्या, दुरुस्तीचं निवेदन मागे घ्या, बाकी काही करायचं नाही. त्यांच्या नव्या बागेत चौदा बाकं, दोन साकव, एक आडोसा, सगळं माझ्याकडून करून घेणार, आणि प्रत्येकावर पितळी पाटीवर माझं नाव. अर्धे पैसे कामाआधी. आकडा त्यानं तोंडानं सांगितला नाही, माझ्याच पेन्सिलीनं माझ्याच फळीवर लिहिला. मी रंधा घेतला आणि त्याच्यादेखत ती फळी साफ केली. आकडा होता सहा लाख चाळीस हजार.

छोटू